बाबांचा अर्धा डाव

दवाखान्यात जाताना बाबांनी कॉम्प्युटर बंद केला नव्हता, नुसता स्लीपवर ठेवला होता. पत्त्यांचा डाव अर्धा होता. ते वारल्यावर मी बटण दाबलं. पंखा फिरू लागला, पण स्क्रीन काळीच. वायरी काढून पुन्हा लावल्या, तरी तेच. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "बटण दाबून धरा, पूर्ण बंद होऊ द्या. उघडं असेल ते मात्र जाईल."

आईने माझा हात धरला. "आत चालू आहे ना गं अजून?"

"चालू आहे, पण जागा होत नाहीये."

बाबांचा व्हेंटिलेटर काढायचा का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा होकार मी एकटीने दिला होता.

आई बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकत बसली. मग म्हणाली, "या वेळी मी करते." आणि तिने बटणावर बोट ठेवलं.