लाईट गेली आणि डाव राहिला

माळा साफ करताना काल व्हिडिओ गेमची ती प्लास्टिकची गिटार सापडली. तिचं हिरवं बटण दाबलं तसा 'टक्' आवाज झाला आणि भाच्याने ती मुंबईहून आणली तो दिवाळीचा रविवार आठवला. टीव्हीवर रॉक संगीताचा धडधडाट चालू होता. पडद्यावरून ज्या रंगाचा ठिपका खाली येईल, त्याच रंगाचं बटण दाबायचं.

मी बायकोशी पैज लावली. हरेल त्याने दर रविवारी मासळी साफ करायची. कोळंबी सोलणारी तिची बोटं बटणांवर सरसर फिरली. मग मी उभा राहिलो. घामाने तळवा निसरडा झाला होता. तिचे गुण गाठणार इतक्यात लाईट गेली.

"परत खेळूया!" मी ओरडलो.

"लाईट गेली तरी हरल्यात ता हरल्यात," ती हसत म्हणाली.

मासळीच्या लिलावात मी कुणाचं ऐकत नाही, पण हा अन्याय झालाच. रागाने मी त्या दिवशी जेवलोही नव्हतो. आता मात्र दर रविवारी मी बांगडे साफ करतो, ती शेजारी नारळ खवते, आणि आम्ही त्या डावावरून पुन्हा मनसोक्त भांडतो.

आज रविवारी दारात आलेल्या भंगारवाल्याने गिटार मागितली. त्याला हाकलून मी बायकोला म्हटलं, "चल गो, आज निकाल लावया."

"लावया. पण आदी बांगडे साफ करा."