मातीच्या वर्गातली एकटी

वंदना ढोके एम.टेक.ला गेली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. त्याआधी पाच वर्षं ती कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराच्या टेस्टिंग लॅबमध्ये होती. काँक्रीटचे ठोकळे मशीनमध्ये ठेवायचे, फोडायचे आणि आकडा लिहून पुढे पाठवायचा. ठोकळा का फुटला हे तिथं कोणी विचारत नसे, आणि तिला तेच विचारायचं असायचं. शेवटी नोकरी करता करताच तिनं एम.टेक.साठीची गेट परीक्षा दिली. मार्क बरे आले. शहरात प्रताप नगरच्या पुढं एक नवं विद्यापीठ निघालं होतं. तिथल्या भूतंत्र विभागात, म्हणजे मातीच्या अभियांत्रिकीत, तिला प्रवेश मिळाला आणि तिनं राजीनामा दिला.

तिच्या बाबांना, देवाजींना, हे काही केल्या उमगेना. सूतगिरणीतून निवृत्त झालेला माणूस. आई गेल्यापासून घरात दोघंच.

"मातीचं काय शिकाचं असते वं?" ते म्हणाले.

"आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आन् उन्हाळ्यात आकसते, बाबा. म्हणून घरं तडकतात. ते कसं थांबवाचं, ते शिकाचं आहे."

"मंग शिक," देवाजी म्हणाले आणि सकाळी उठून तिच्यासाठी डबा करू लागले.

कळमेश्वरहून एसटीनं शहरातलं सदर, तिथून शहर बस. दीड तास जायला, दीड तास यायला. पहिल्या दिवशी ती अर्धा तास आधीच पोचली. वर्गात अठरा खुर्च्या होत्या आणि मुलं तिच्यासकट चार. दोघं आठवडाभरात दिसेनाशी झाली. उरला प्रशिक, नुकताच बी.ई. झालेला, हसरा पोरगा. पोळ्याच्या सुमारास त्याला पुण्यातून नोकरीचं पत्र आलं.

"ताई, तुम्ही पण निघा," तो म्हणाला. "इथं काही होऊन नाही राहिलं."

"मी नोकरी सोडून आली ना गा. आता कुठं निघू?"

संध्याकाळी त्यानं नाव काढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून वंदना एकटी.

विभागप्रमुख कुकडे सर माणूस म्हणून वाईट नव्हते. पहिले काही दिवस त्यांनी एकटीपुढे उभं राहून शिकवलं. मग बसून शिकवू लागले. मग एके दिवशी म्हणाले, "बेटा, नोट्स मेल करतो, तू वाचून घे. तोवर जरा या फायली लावून देशील का? फेब्रुवारीत तपासणीची कमिटी येऊन राहिली."

ती फायली लावू लागली. हजेरीपत्रकं, जुन्या परिसंवादांचे फोटो, न झालेल्या बैठकांची इतिवृत्तं. रोज वाटे, एवढी फाईल झाली की लॅब उघडतील. लॅबमध्ये मातीच्या नमुन्याला चहूबाजूंनी पाण्याचा दाब देऊन त्याची ताकद मोजणारं मोठं यंत्र होतं, आल्यापासून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. त्याचा एक भाग यायचा होता. कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत तिनं घरामागच्या पडीक जागेत खड्डा खणून मातीचे नमुने काढले, मेण लावून बंद केले आणि बसमध्ये मांडीवर घेऊन आली. कुकडे सर म्हणाले, "ठेव तिथं खिडकीत." ते तिथंच वाळले.

कमिटी आली त्या दिवशी प्लास्टिक निघालं. यंत्र पुसलं गेलं. सरांनी तिला पांढरा कोट दिला.

"विचारलंच तर सांगायचं, प्रयोग चालू आहेत."

"सर, पण मशीन तर..."

"वंदना, डिपार्टमेंटचा प्रश्न आहे."

पाहुण्यांमध्ये एक वयस्कर प्राध्यापक होते. बाकीचे पुढं गेले, ते थांबले. "कुठल्या मातीवर काम करतेस?" त्यांनी विचारलं.

आल्यापासून तिला हे कोणीच विचारलं नव्हतं. ती बोलू लागली. कळमेश्वरची काळी माती, चुना मिसळला तर फुगणं किती कमी व्हावं, राख मिसळली तर काय होईल. बोलता बोलता तिचा आवाज चढला. प्राध्यापक मन लावून ऐकत होते.

"छान. रीडिंग्ज काय येतायत?"

तिनं कुकडे सरांकडे पाहिलं. ते दाराशी उभे होते.

"घेऊन राहिली आहे, सर," ती म्हणाली. "समाधानकारक येत आहेत."

प्राध्यापकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि शाबासकी देऊन गेले. ती कोट काढून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. ठेकेदाराच्या लॅबमध्ये पाच वर्षं तिनं एकही आकडा खोटा लिहिला नव्हता.

मे महिन्यात नोटीस लागली. विद्यार्थ्यांअभावी भूतंत्र विभाग बंद. तिला बांधकाम व्यवस्थापनाच्या वर्गात बसायचं होतं. कुकडे सरांनी अर्ज स्वतःच टाईप करून ठेवला होता. 'मी स्वेच्छेने शाखा बदलत आहे,' असं त्यात होतं.

"दुसरा काही उपाय नाही का, सर?"

"माझीच बदली होऊन राहिली, बेटा. मी काय सांगू?"

तिनं सही केली.

घरी तिनं देवाजींना सगळं सांगितलं. यंत्राचं, फायलींचं, त्या प्राध्यापकांशी खोटं बोलल्याचं. देवाजी जेवता जेवता ऐकत होते.

"पण डिग्री तं देतीन ना?"

"देतीन."

"मातीची?"

"नाही, बाबा. दुसरी."

"कोणती का असंना. डिग्री ते डिग्री," ते समाधानानं म्हणाले आणि भाताला हात घातला. "अजून एकच वर्ष राह्यलं. डबा मी करून देत जाईन."

वंदना हो म्हणाली. तिच्या पानातलं तसंच राहिलं होतं. ते उचलून ती आत गेली.