ओठांत धरलेला डोळा

तिगावला गाडी दोनच मिनिटं थांबायची. बाबा संत्र्याच्या नर्सरीतून थेट फलाटावर आले होते, कलमं बांधायची सुरी कमरेला तशीच खोचलेली. आईच्या सूचना संपत नव्हत्या: डबा वेळेवर खाय, बायांच्या बाजूनं बस. गाडी हलली तसे बाबा खिडकीचा गज धरून चार पावलं चालले आणि म्हणाले, "पुण्याले भिऊन राहू नको. तुले सारं येते."

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. पांढुर्ण्याच्या कॉलेजातून झाले, आणि मला बाबांचं ते बोलणं खरंच वाटलं.

ऐंशीच्या दशकातलं पुणं. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि पंधरा दिवसांत कळलं, मला काहीच येत नाही. कार्बन उलटा लावला, म्हणून मी वेंधळी. 'काम करून राहिली' म्हणाले, म्हणून गावंढळ. हॉस्टेलातल्या मुली शिव्या द्यायच्या नाहीत, समजुतीनं बोलायच्या. "असू दे गं, हिला कुठून येणार?" त्या समजुतीची मला आजही चीड येते.

गावाकडे राहिलेल्यांनो, आपल्याकडे माणसाला वेडं ठरवणारे शब्द कमी होते का? बह्याड, भैताड, हुकलेली. आई मला दिवसातून दहादा बह्याड म्हणायची. पण भाकर करपली, तेवढ्यापुरतं. पुढची टम्म फुगली की तो शब्द चुलीतच जळून जायचा. आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही, तुम्हाला माहीत आहे, शहरातले शब्द असे जळत नाहीत. ते कागदावर लिहून ठेवतात.

वर्षभरानं कचेरीत आम्हा कारकुनांच्या नोंदींचे नवे फॉर्म आले. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी लिहिलं, संत्र्याची कलमं बांधतात. हेडक्लार्कनी चष्म्यावरून पाहिलं. "स्वतःची बाग आहे?" नाही म्हटलं. "मग मजूर म्हणा की." लाल शाईनं माझं अक्षर खोडून त्यांनी वर लिहिलं: शेतमजूर, अकुशल. "करा सही."

अकुशल! जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खुंटाची साल सुरीनं उभी चिरायची, आतल्या हिरव्या ओलाव्याला धक्का लागू द्यायचा नाही. संत्र्याच्या फांदीवरचा कोंब, त्याला आमच्याकडे डोळा म्हणतात, नखाएवढ्या सालीसकट उतरवायचा आणि त्या चिरेत बसवून पट्टीनं बांधायचा. मधल्या वेळात तो सुकू नये म्हणून बाबा ओठांत धरायचे. बोरगावपासून सौंसरपर्यंत कितीतरी बागांत त्यांच्या हातची झाडं उभी होती. कलम बांधायचं असलं की बागवाले आधी बाबांना निरोप पाठवायचे.

ओठांत डोळा असला की बाबा बोलत नसत. एकदा कुणी साहेब नर्सरी बघायला आले. त्यांनी बाबांना काहीतरी विचारलं. बाबा मान हलवून कामच करत राहिले. "गंवार है क्या?" साहेब मालकाला म्हणाले. मी तेव्हा शाळेत होते, पट्ट्या भिजवून देत होते. मला रडू फुटलं. बाबांनी आधी गाठ मारली, मग वर पाहून म्हणाले, "बोला साहेब." तोवर साहेब पुढं निघून गेले होते.

आणि त्या लाल शाईखाली मी सही केली.

थंडीत सुट्टीवर गेले, तेव्हा नर्सरीतच बाबांना सांगून टाकलं. ते खाली बसून कलम बांधत होते, ओठांत डोळा. माझं सांगून झालं, त्यांची गाठ मारून झाली.

"मंग तू काय बोल्ली?"

"काहीच नाही."

"कायले? तुह्या तोंडात काय होतं?"

मी खाली पडलेल्या पट्ट्या गोळा करू लागले.

"बह्याड पोरगी," ते म्हणाले आणि सुरी माझ्यापुढं धरली. "घे. हा खुंट तू बांध."

माझी गाठ सैल आली. त्यांनी ती सोडली आणि सुरी पुन्हा माझ्याच हातात दिली.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच दिवशी मी हेडक्लार्ककडे नवा फॉर्म मागितला. वडील अकुशल नाहीत, म्हटलं, नोंद चुकली आहे.

"अहो, तुमचं ते रकान्यात बसत नाही."

"मंग रकाना मोठा करा," मी म्हणाले. "त्या फॉर्मवरची सही मी मानून नाही राहिली."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. वर्षभर दाबून ठेवलेली माझी भाषा भर कचेरीत बाहेर पडली होती. मी मागं सरले नाही. शेवटी हेडक्लार्कनी कोरा फॉर्म पुढं सरकवला. मी कलमांचं तेच वाक्य लिहिलं, मुद्दाम मोठ्या अक्षरात. ते रकान्याबाहेर समासात गेलं. जाऊ दिलं.

पुढं पुण्यात माझं घर झालं, दारावर माझ्या नावाची पाटी लागली. कामात हुशार म्हणून नावही झालं. तरी कुणी घर कुठलं विचारलं की तोंडून तिगावच निघतं. तिथे मला बह्याड म्हणणारी माणसं होती, पण तेवढ्यावरून माझ्या हातातली सुरी काढून घेणारं त्यांच्यात कुणी नव्हतं.