दुसरी सीडी

लहानपणी मंगळवार पेठेत आमच्या घरी टीव्ही नव्हता. रविवारचा पिक्चर बघायला आम्ही पोरं शेजारच्या काकांच्या सोप्यात जमायचो. मध्येच बातम्या लागल्या की काका उठायचे. "जेवायची वेळ झाली, घरला जावा आता." मागं कडी लागायची. बातम्यांनंतरची मारामारी मी त्यांच्या पायरीवर बसून नुसती ऐकली.

नोकरी लागल्यावर आधी टीव्ही आणि सीडी प्लेअर आणला आणि ते सगळे जुने पिक्चर शेवटापर्यंत बघितले. बरेचसे शेवट भिकार निघाले. त्यानं राग आणखीच वाढला. मग नवे पिक्चरही आणायला लागलो.

एका रविवारी काकाच दारात आले. "नवीन पिक्चर आणलायस म्हणं?" मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. तेव्हा एक पिक्चर दोन सीडींत यायचा. पहिली संपली तेव्हा गुंडांनी नायिकेला पळवलं होतं आणि काका पुढं सरकून बसले होते. मी प्लेअर बंद केला.

"काका, जेवायची वेळ झाली. घरला जावा आता."

ते पायरी उतरले. मी कडी लावली, दुसरी सीडी घातली आणि आवाज मुद्दाम मोठा केला.