लोणच्यांच्या पुस्तकामागे

नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयात एका वेळी एकच पुस्तक मिळतं. त्यामुळे कधी नावही न ऐकलेल्या लेखकाची विज्ञानकथा दिसली, की पुढच्या खेपेसाठी मी ती पाककृतींच्या फळीवर, लोणच्यांच्या पुस्तकामागे दडवते. तिथे कोण कशाला बघतंय!

त्या शनिवारी हात घातला, तर तिथे आधीच एक हात होता. साठीच्या एक काकू, गळ्यात दोरीला चष्मा. माझं पुस्तक त्यांनी पटकन पदराआड घेतलं.

"काकू, ते मी लपवलेलं."

"तू? अगं, मला वाटलं, मीच लपवून विसरले!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की ग्रंथपाल टेबलावरून "श्श!" म्हणाले.

मग काकूंनी आपला खजिना दाखवायला सुरुवात केली. केकच्या पुस्तकामागे बोलणारा ग्रह, बालसंगोपनामागे राक्षसांचं अख्खं घराणं. गोष्टीतली आवडती जागा सांगताना त्या टाचा उचलायच्या, जणू आता उडतीलच.

"नावाजलेल्यांना वाचायला गाव पडलंय," त्या कुजबुजल्या. "ह्यांना कोण आहे गं आपल्याशिवाय?"

उपवासाच्या पदार्थांमागे त्यांना आणखी एक पुस्तक सापडलं. चेटकिणींचं, खुणेला बसचं तिकीट घातलेलं.

"हे तुझं?"

"नाही. मला वाटलं, तुमचं."

आम्ही दोघी सावकाश ग्रंथपालांकडे वळलो. आम्ही तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "श्श!"