सरांची घडी

माणसाच्या पोटात पुष्कळ लोकांची नावं आहेत. आतड्यांवर जे पातळ अस्तर असतं, त्याला ठिकठिकाणी घड्या पडलेल्या असतात, आणि अशा बऱ्याच घड्यांवर कुणा ना कुणा इटालियन, जर्मन नाहीतर इंग्रज माणसाचा हक्क लागलेला आहे. ही माणसं कधीच मरून गेली, पण मुलं अजून त्यांची नावं घोकून परीक्षेला बसतात. मी शरीररचनाशास्त्र शिकवते, त्यामुळे मीही ती घोकली आणि पुढे इतरांकडून घोकून घेतली. त्यांच्यावर माझा राग नाही. राग होता तो एका मराठी नावावर, आणि ते मी इथेही लिहिणार नाही.

पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मी नवीन अधिव्याख्याता म्हणून लागले तेव्हा सर विभागप्रमुख होते. दोन्ही हातांनी एकाच वेळी फळ्यावर चित्र काढायचे, वर्ग थक्क होऊन बघत राहायचा. डिसेक्शन हॉलमध्ये मात्र सर टेबलापासून हातभर लांब उभे राहत. चिरायचं आम्ही, बोलायचं त्यांनी. माझ्या वडिलांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा आहे हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यानंतर माझं काम चांगलं झालं की ते हमखास म्हणायचे, "हिचा हात बसलेलाच आहे. घरी पोत्यानं कांदे सोलायची सवय." सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे, कारण नोकरी कायम व्हायची होती.

त्या वर्षी एका देहात मला एक वेगळी घडी दिसली. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथून जरा बाहेरच्या बाजूला, कमरेच्या हाडाकडे उतरणारी, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकी पातळ. पुस्तकात ती नव्हती. मी सरांना बोलावलं. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, चरबी आहे, पुढे चला. मी पुढे गेले नाही. पुढची दोन वर्षं येईल त्या देहात शोधत राहिले. बहुतेकांत ती नसायची, काहींत असायची. जिथे सापडली तिथे मी तिची मापं घेतली, फोटो काढले, सगळं टाईप करून सरांच्या टेबलावर ठेवलं. विभागातून काहीही बाहेर जायचं तर त्यांची सही लागे.

वर्षभराने ते छापून आलं. लेखक एकच, सर. शेवटी बारीक अक्षरांत 'तांत्रिक साहाय्याबद्दल' माझे आभार. मी त्यांच्या खोलीत गेले आणि विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "अहो, घडी दिसणं वेगळं आणि तिचा अर्थ कळणं वेगळं," ते म्हणाले. "तुम्ही अजून लहान आहात. नावं पुढे होतील."

त्यांचं मात्र तेव्हाच झालं. विभागात तिला 'सरांची घडी' म्हणू लागले, मग पुण्यातल्या इतर कॉलेजांतही. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक कौतुकाने विचारायचे. मुलं उत्तर देत तेव्हा मी शेजारी बसून मार्क मांडत असे. घरी नवरा सांगायचा, सोडून दे. मी सोडलं नाही. रोज थोडं थोडं वाढवलं.

सर निवृत्त झाले, यथावकाश मी विभागप्रमुख झाले. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. पंचाहत्तरी होती, जुने विद्यार्थी सत्कार करणार होते. विभागाच्या संग्रहालयात त्या घडीचा नमुना मांडावा, खाली त्यांच्या नावाची पितळी पाटी असावी, अशी त्यांची इच्छा होती. मी म्हटलं, "जरूर, सर. पण आधी एकदा मुलांना ती तुमच्या हातून दाखवा. आजच्या पोरांनी तुम्हाला कुठे पाहिलंय?" ते फार खूश झाले.

ते येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटी हॉलमध्ये गेले. एका वृद्ध बाईंनी केलेलं देहदान होतं. त्यांना नमस्कार केला आणि पोटाचा तो कोपरा नीट उघडून पाहिला. घडी नव्हती. मला हवं होतं तेच. ज्याने ती शोधली आहे तो माणूस एका नजरेत सांगेल की या देहात ती नाही, आणि सर तसं म्हणाले असते तर मी पाटी लावून दिली असती. मनाशी मी तसं पक्कं ठरवलं होतं. पण ते तसं म्हणणार नाहीत, हेही मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सर सिल्कचा कुर्ता घालून आले. टेबलाभोवती मुलं, मागे सत्काराला आलेले जुने विद्यार्थी. मी स्वतः त्यांना हातमोजे दिले. ते आतडी इकडून तिकडे सरकवत राहिले. मी मदत केली नाही. कपाळावर घाम आला तसं त्यांनी अपेंडिक्सजवळचा एक पडदा चिमटीत धरला, वर उचलला आणि म्हणाले, "ही पाहा. हीच ती."

मांजरी गावची एक मुलगी पुढे उभी होती, वर्गात सगळ्यांत हुशार. मान वाकडी करून तिने नीट पाहिलं. "सर, ही तर त्या इंग्रज सर्जनच्या नावाची घडी हाय," ती म्हणाली. "बिनरक्ताची घडी म्हणत्यात ती. समद्यांच्यात असती ही."

ती उद्धटपणे बोलली नव्हती. बरोबर तेवढंच बोलली होती. सरांनी माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात मी त्यांना वाचवू शकले असते. मी मुलीला म्हटलं, "बरोबर आहे," आणि सगळ्यांना चहाला चला म्हणून सांगितलं.

सर चहाला थांबले नाहीत. जिन्यात मला गाठून म्हणाले, "या बॉडीत ती नव्हतीच. तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मुद्दाम केलंत."

"मुद्दामच केलं. पण ती नाही, हे तुम्ही तिथे म्हणायचं होतं, सर. मी वाट पाहत होते."

ते कठडा धरून हळूहळू उतरले. त्यांचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. मी हात दिला नाही.

पाटीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार केला म्हणे, पण एका हॉटेलात, घरगुती. संग्रहालयात मी नमुना ठेवला आहे, माझ्याच जुन्या डिसेक्शनमधला. खाली फक्त ती कुठून कुठे जाते तेवढं लिहिलंय. माझं नाव घाला असं सहकारी म्हणाले, मी नको म्हटलं. त्याला मोठेपणा समजू नये. नाव घातलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, पूर्वी कुणाचं होतं? तेवढ्यापुरतीही त्यांची आठवण निघायला नको होती.

नवरा अधूनमधून विचारतो, आता बरं वाटतं का? वाटतं. पश्चात्ताप होईल म्हणून काही महिने वाट पाहिली, तो काही झाला नाही.