खिडकीकडचा गाल

तिचे दोन गाल एका वयाचे नव्हते. डावा पन्नाशीचा, उजवा सत्तरीचा. सत्तावीस वर्षं ती शाळेची व्हॅन चालवत होती आणि तिची खिडकी उजवीकडे होती, ऊन तिथूनच यायचं. एवढंच कारण.

मुलं तिला पोंपों मावशी म्हणत. दारासमोर ती दोनदा हॉर्न वाजवायची. तिसरा कधीच नाही. मग स्वतः उतरून दार ठोठावायची आणि ओरडायची, "येतोस की गादीसकट उचलून नेऊ?"

मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते. साहित्यात पदवी घेतली हे कळल्यापासून मावशी मला ‘कवितावाली’ म्हणते. वयात तीस वर्षांचं अंतर आहे, तरी मैत्रीणच ती माझी.

एका दुपारी ती दुकानात आली. काउंटरवर व्हॅनची किल्ली ठेवली आणि गालावर बोट टेकवलं.

"कवितावाले, हा गाल त्या गालासारखा करून दे."

मला हसू आलं. "का गं? कोणाला पसंत पडायचंय?"

"आईला."

आई चौऱ्याऐंशीची. दोघीच राहतात. आई विसरायला लागली आहे हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. गेला महिनाभर ती मावशीलाच विचारत होती, "बाई, तुम्ही कोण? माझी मुलगी आली नाही अजून."

"पण डावीकडून बसले ना, की ओळखते," मावशी म्हणाली. "चार-पाच वेळा करून बघितलं. डाव्या गालाला विचारते, जेवलीस का? तोंड वळवलं की उजव्याला विचारते, पाणी आणू का तुम्हाला?"

मी थक्क झाले. आमच्या फार्मासिस्ट ताईंना हाक मारली.

ताईंनी चार वस्तू काढून ठेवल्या. सकाळी व्हिटॅमिन सीचं सीरम आणि वर सनस्क्रीन. रात्री रेटिनॉल, वाटाण्याएवढं, तेही एक दिवसाआड. आठवड्यातून एकदा मेलेली त्वचा काढणारं ॲसिड, पण रेटिनॉलच्या रात्री नाही. शिवाय सगळं एकदम सुरू करायचं नाही. एक अंगवळणी पडलं की दुसरं.

"समजलं," मावशी म्हणाली. "भांडखोर पोरं एका सीटवर बसवायची नाहीत."

"अगदी. आणि सनस्क्रीन लावणार नसाल तर बाकीचं नेऊच नका."

"फरक कधी दिसेल?"

"चार महिने धरा. जास्तही लागतील."

मावशीनं पिशवी उचलली. दारात थांबली. "चार महिन्यांत ती डावासुद्धा विसरेल गं," असं माझ्याकडे न बघताच म्हणाली.

बारा दिवसांनी ती पुन्हा आली. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला. तो तिनं थोडा सरकवला. उजवा गाल लालभडक होता, सुजलेला, पापुद्रे सुटलेले.

"काय केलंस हे?"

"सगळ्यांना एकाच फेरीत बसवलं."

म्हणजे चारही वस्तू एका वाटीत कालवून ती रोज रात्री गालावर थापत होती. वेळ वाचेल म्हणून.

मी तिला तशीच डॉक्टरांकडे पाठवली. ते म्हणाले, सगळं बंद. महिनाभर फक्त एक साधं मलम. ते दुकानात संपलं होतं, संध्याकाळी आलं तेव्हा मीच तिच्या घरी घेऊन गेले.

आई पलंगावर बसली होती. मावशी तिच्या शेजारी, डावा गाल आईकडे करून. उजव्यावर स्कार्फ ओढलेला. आई तिच्याकडे टक लावून बघत होती. मग तिनं हात लांब केला आणि स्कार्फ ओढून काढला.

मावशीनं डोळे गच्च मिटले.

"अगं!" आई म्हणाली. "आज पुन्हा टोपी न घालता गेलीस उन्हात?"

मावशीनं एक डोळा उघडला.

"किती वेळा सांगायचं तुला? आता सालपटं निघतील, मग येशील रडत. कुठाय ते मलम?"

मी ट्यूब पुढे केली. आईनं बोटावर मलम घेतलं आणि फुंकर घालत त्या भाजल्या गालावर लावलं. हलक्या हातानं, कडेकडेनं. मग थोडं डाव्या गालालाही लावलं.

"त्याला काय झालंय?" मावशीनं विचारलं.

"तो रुसेल ना."

मावशी तिथेच रडली. शाळकरी पोरीसारखी, नाक ओढत. मी भिंतीकडे बघत उभी राहिले.

याला आता आठ महिने झाले. गाल बरा झाल्यावर तिनं पुन्हा सुरुवात केली, या वेळी ताईंनी सांगितल्या क्रमानं. काळे डाग फिके झालेत. डोळ्याजवळच्या बारीक रेघा बुजल्यासारख्या वाटतात. दोन खोल आहेत, त्या आहेत तशाच. "सत्तरीवरून पासष्टीवर आणलाय," ती म्हणते. "रिव्हर्स हळूच घ्यायचा असतो."

सनस्क्रीन मात्र ती स्वतः लावत नाही. सकाळी पहिल्या फेरीआधी ट्यूब आईच्या हातात देते. आई लावते, दोन्ही गालांना, कानांनाही. काही दिवस आई मुलीला ओळखते. काही दिवस नाही. लावते मात्र रोज.

परवा सकाळी मी तिथे होते. तो न ओळखण्याचा दिवस होता.

"बाई, तुम्ही उन्हात काम करता का?" आईनं विचारलं.

"हो ना."

"मग या इकडे." लावता लावता तिचा आवाज चढला. "तुमची आई कशी हो? टोपी देत नाही का तुम्हाला?"

"देते हो," मावशी म्हणाली. "रोज देते. मीच विसरते."

"मग बरं." आईनं हनुवटी धरून तिचा दुसरा गाल आपल्याकडे वळवला.

आम्ही खाली आलो. मावशी व्हॅनमध्ये बसली आणि तिनं वर पाहिलं. आई खिडकीत उभी होती. स्वतःच्या डोक्यावर तळवा ठेवून काहीतरी विचारत होती.

मावशीनं टोपी घातली. मग दोनदा हॉर्न वाजवला.